किड्यांचं वाण

पहिली कुंडी परत आली तेव्हा मी दाढी करत होतो. अर्धा गाल फेसात, तसाच दार उघडायला गेलो. दारात दुसऱ्या मजल्यावरच्या नेरकर काकू. दुसऱ्याचं ओलं बाळ धरावं तशी त्यांनी कुंडी धरली होती, अंगापासून लांब आणि चेहऱ्यावर हसू ठेवून.

"हेमाताई आहेत?"

"पूजा करतेय."

"मग नको उठवूस. एवढं ठेव. म्हणावं, रोप छान आहे हो, पण आमच्याकडे ऊन येत नाही."

नेरकरांची गॅलरी पश्चिमेला होती. दुपारी त्यांच्या कठड्यावर पापड नुसता ठेवला तरी फुलला असता. पण मी कुंडी घेतली. जास्वंदीच्या शेंड्याला कापसाचे पुंजके चिकटले होते आणि त्यातला एक पुंजका चालत होता.

साडेनऊला हिरे वहिनी आल्या. त्यांचं मांजर पानं खात होतं. त्यांच्याकडे मांजर नव्हतं. दहाला चौथ्या मजल्यावरून एक कुंडी लिफ्टनं एकटीच आली. लिफ्ट उघडली, आत कुंडी, माणूस नाही. मी तिला नमस्कार करून बाहेर घेतलं. दुपारपर्यंत अकरा झाल्या, दिवेलागणीपर्यंत एकोणीस. तेवीस घरांत रोपं गेली होती. उरलेली चार घरं बाहेरगावी होती.

आत्यानं एकोणीस कुंड्या हॉलमध्ये रांगेत लावल्या आणि मला कागद-कात्री आणायला सांगितलं.

"प्रत्येकीवर फ्लॅट नंबर चिकटव."

"कशाला?"

"परत द्यायच्यात ना. अदलाबदल व्हायला नको."

"आत्या, त्यांना नकोयत त्या."

"आत्ता नकोयत," आत्या म्हणाली.

या गोष्टीला आता दहा वर्षं होत आली. तेव्हा मी बावीसचा होतो आणि नाशकात हेमाआत्याकडे राहून स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करत होतो, म्हणजे आत्याकडे राहत होतो. आत्या शाळेच्या प्रयोगशाळेत तीस वर्षं सहायक होती. तिच्या हातून कधी परीक्षानळी फुटली नाही आणि तिच्या तोंडून कधी 'जाऊ दे' निघालं नाही. तिचे यजमान मधुकाका जाऊन सात वर्षं झाली होती. या सात वर्षांत आमच्या इमारतीत संक्रांतीची दीडेकशे हळदीकुंकवं झाली असतील. आत्याला एकाचंही बोलावणं आलं नाही. कुणी वाईट बोललं नव्हतं, नुसतं बोलावलं नव्हतं. आठव्या वर्षी तिनं स्वतःच बोलावणं केलं. नोटीस बोर्डावर चिठ्ठी लावली: 'फ्लॅट ३०२, रविवारी चार ते सात हळदीकुंकू. सगळ्यांनी यावे.' 'सगळ्यांनी'खाली रेघ मारली होती.

सगळ्या आल्या. न येऊन काय काय घडतं ते कळलं नसतं. आत्यानं प्रत्येकीला हळदीकुंकू लावलं, तिळगूळ दिला आणि वाण म्हणून जास्वंदीचं एकेक रोप दिलं. दोन महिने सोसायटीत तोच विषय होता. मग मार्चमध्ये त्या रोपांवर पांढरा पिठ्या ढेकूण दिसायला लागला, रोपांवरून तो शेजारच्या कुंड्यांत गेला, तिथून तुळशीत गेला, आणि लोकांना विषय बदलायची गरज उरली नाही.

संध्याकाळी नोटीस आली. बोर्डावर नाही, घरी. चेअरमन अहिरराव यांच्या सहीची. मी मोठ्यानं वाचली.

"'फ्लॅट क्रमांक ३०२ येथून वाटप झालेल्या रोपांमुळे इमारतीत कीड पसरली आहे. सबब श्रीमती हेमलता गायधनी यांनी पाडव्यापूर्वी आपल्या गॅलरीतील सर्व कुंड्या हटवाव्यात. अन्यथा सोसायटीतर्फे फवारणी करून त्या नष्ट करण्यात येतील. तसेच यापुढे असे कार्यक्रम इमारतीत करणार नाही, असे लेखी द्यावे.'"

'श्रीमती' पेनानं लिहिलं होतं. आधी तिथं 'सौ.' टाइप झालं होतं, ते खोडलं होतं. दोनदा खोडलं होतं.

"असे म्हणजे कसे?" आत्यानं विचारलं.

"काय?"

"'असे कार्यक्रम' लिहिलंय ना. असे म्हणजे कसे?"

"रोपं वाटायचे."

"मग 'रोपे वाटणार नाही' असं लिहिलं असतं. अहिरराव जिल्हा परिषदेत होते, त्यांना मराठी येतं." तिनं नोटीस घडी करून देवघरातल्या पंचांगाखाली ठेवली. "कुंड्या जाणार नाहीत. पत्र मिळणार नाही. तू साबण किस."

आम्ही लढाईला सुरुवात केली. साबणाचं पाणी, कडुनिंबाचं तेल आणि कान साफ करायच्या काड्या. आत्याच्या एकतीस कुंड्या आणि परत आलेल्या एकोणीस, म्हणजे पन्नास. मी एका पानाचे किडे पुसून दुसऱ्या पानाकडे वळेपर्यंत पहिल्या पानावर नवे हजर. किडे कमी, मुंग्या जास्त होत्या. किडा गोड चिकटा सोडतो, तो मुंग्या खातात आणि त्या बदल्यात किड्याला सांभाळतात. एकदा तर मी एक किडा काडीनं उचलला, तर एक मुंगी काडीवर चढून माझ्याकडे बघत राहिली. चेअरमनकडे तक्रार करेल असं वाटलं.

"आत्या, इतिहासाचा पेपर आहे मला."

"मग हा इतिहासच चाललाय. पुस."

एक गोष्ट मी तेव्हा आत्याला सांगितली नव्हती. ती इथं सांगून टाकतो, कारण पुढं ती माझ्याच तोंडून निघणार आहे. जानेवारीत तिनं मला रोपं आणायला गंगापूर रोडच्या पलीकडच्या एका नर्सरीत पाठवलं होतं. नर्सरीवाला तिचा जुना विद्यार्थी, चोवीस निरोगी रोपं बाजूला काढून ठेवणार होता. त्या दिवशी टीव्हीवर मॅच होती. मी सिग्नलला उभ्या असलेल्या टेम्पोवरून तेवढीच रोपं उचलली आणि तिसऱ्या ओव्हरपर्यंत घरी आलो. रोपांच्या बेचक्यात थोडं पांढरं होतं. मला वाटलं, चुना असेल. जास्वंदीला चुना कोण लावेल, हा विचार मॅच संपल्यावर आला, आणि आला तसा गेला.

चौथ्या दिवशी दुपारी बोरस्ते वहिनी आल्या. समोरच्या फ्लॅटमधल्या. कुंडी त्यांनीही परत केली होती, पण त्या एकट्याच म्हणाल्या होत्या, "सासूबाईंनी सांगितलं, काय करू?" आता त्यांनी दार आतून लोटून घेतलं आणि एखादी चोरी सुचवावी तसं हळू बोलल्या.

"ताई, पुसून नाही जायचे हे. माझ्या भावाची निफाडला द्राक्षबाग आहे. तिकडे किडा सोडतात यांच्यावर."

"किड्यावर किडा?" मी म्हणालो.

"हो. शेतीवाल्यांच्या प्रयोगशाळेत मिळतो. रावसाहेबला सांगू का आणायला? फक्त आमच्याकडे कळू देऊ नका."

"कळलं तर काय होईल?" आत्या म्हणाली.

वहिनींनी लोटलेल्या दाराकडे पाहिलं. "काही नाही होणार," त्या म्हणाल्या, आणि त्यांनाच ते ऐकून नवल वाटलं. "सांगतेच मी त्याला."

रावसाहेब बुलेटवरून आला. हाताची मूठ नारळाएवढी आणि त्या मुठीत झाकणाला भोकं पाडलेला एक छोटा प्लास्टिकचा डबा, जणू त्यात अंगठी आहे. डब्यात तपकिरी काळे, केशरी डोक्याचे पन्नासेक किडे होते.

"ढालकिडे," तो म्हणाला. "मित्रकिडे म्हणतात यांना."

"कुणाचे मित्र?" मी विचारलं.

"आपले."

"त्यांना माहीत आहे का?"

त्यानं माझ्याकडं पाहिलं, मग आत्याकडं. "हा काय करतो?"

"अभ्यास," आत्या म्हणाली.

"बरं. मावशी, नीट ऐका. आता साबण बंद, तेल बंद. यांच्या अंगावर औषध पडलं की आधी हेच मरतात. कुंड्यांच्या ताटल्यांत पाणी भरून ठेवा, मुंग्या चढल्या नाही पाहिजेत, त्या यांना हाकलतात. आणि धीर धरा. हे अंडी घालतील, पिल्लं निघतील, खरं खाणं ती पिल्लं करतात."

"किती दिवस?"

"तीन-चार आठवडे."

"पाडवा बरोबर चार आठवड्यांवर आहे," मी म्हणालो.

"मग यांना पंचांग दाखवा," रावसाहेब म्हणाला आणि पन्नास माणसांची बैठक उरकल्यासारखा उठला.

आम्ही किडे सोडले. दोन आठवडे काहीच झालं नाही. आत्या रोज सकाळी चष्मा लावून पानं उलटी करायची आणि वहीत लिहायची. तिसऱ्या आठवड्यात मी गॅलरीत गेलो आणि ओरडलोच.

"आत्या! वाढलेत! एकेक बघ केवढा झालाय!"

खरंच होतं. नेहमीच्या किड्याच्या तिप्पट, अंगाला पांढऱ्या मेणाच्या झिपऱ्या, आणि तुरुतुरु चालणारे. काडी घेऊन मी पुसायला वाकलो तेवढ्यात आत्यानं माझं मनगट धरलं.

"त्यांना हात लावशील तर तुझं जेवण बंद. ही पिल्लं आहेत ढालकिड्यांची."

"ही? ही तर डिट्टो त्यांच्यासारखी दिसतायत."

"तेच तर. मुंग्यांना फसवायला त्यांचाच कोट घालतात." आत्याच्या आवाजात कौतुक होतं. असं कौतुक तिनं माझ्या कुठल्याच निकालाचं केलं नव्हतं. मग आम्हा दोघांच्या मनात एकाच वेळी एकच विचार आला.

"आत्या, रविवारी कमिटी बघायला येणार आहे."

"हं."

"त्यांना काय दिसेल?"

"पूर्वीपेक्षा मोठे, पूर्वीपेक्षा जास्त," आत्या म्हणाली.

पाडव्याआधीच्या रविवारी सकाळी अकराला कमिटी आली. पुढे अहिरराव, पांढरा सदरा, हातात फाइल. मागे त्यांच्या पत्नी विजयाताई, ज्या कमिटीवर नव्हत्या पण कमिटी त्यांच्यावर होती. सोसायटीत त्यांचा मान त्यांच्या ब्रह्मकमळामुळे. बारा वर्षांचं झाड. ते फुललं की अख्खी इमारत त्यांच्याकडे दर्शनाला जायची आणि दूध प्यायची. या वर्षी त्या झाडाच्या पानांवरही पांढरं आलं होतं. त्यांच्यामागे सेक्रेटरी दुसाने. त्यांचं सराफ बाजारात दुकान होतं, म्हणून कुठल्याही गोष्टीकडे ते आधी ती खरी आहे का अशा नजरेनं बघत. सगळ्यात शेवटी पाठीवर टाकी घेतलेला फवारणीवाला पवार. दाराशी बोरस्ते वहिनी आणि आणखी पाचसहाजणी.

अहिररावांनी पहिलीच कुंडी पाहिली आणि एक पाऊल मागं आले.

"हेमाताई! हे तर वाढलेत!"

"वाढलेत," आत्या म्हणाली.

"केवढाले झालेत!"

"चांगलं खातात ना."

"तुम्ही यांना खायला घालताय?"

"मी नाही. हे त्यांना खातात. हे मोठे आहेत ना, हे बारक्यांना खातात. मोठे आपले, बारके परके."

अहिररावांनी मोठ्यांकडे पाहिलं, बारक्यांकडे पाहिलं. दोन्ही पांढरे, दोन्ही झिपरे. "आपले कोण ते यांच्या कपाळावर लिहिलंय का?"

"पवार, सुरू करा," विजयाताई म्हणाल्या.

मी गॅलरीच्या दारात आडवा उभा राहिलो. हे मी ठरवून केलं नव्हतं, पायांनी केलं. पवार माझ्यापेक्षा दीडपट होता. तो म्हणाला, "दादा, मला काय, तुम्ही सांगाल तिथं मारतो." त्याच्या टाकीच्या नळीतून माझ्या चपलेवर थेंब पडत होते.

"खुर्च्या आण," आत्या मला म्हणाली. मग त्यांच्याकडे वळली. "सगळ्यांनी बसा. एक पान समोर ठेवते. मोठ्यानं बारक्याला खाल्लं तर फवारायचं नाही. नाही खाल्लं, तर मी स्वतः कुंड्या खाली नेते."

"आणि पत्र?" विजयाताई म्हणाल्या.

"ते नंतर बोलू."

अशा रीतीनं आमच्या सोसायटीची कार्यकारिणी एका जास्वंदीच्या पानाभोवती गोल बसली. मी आयुष्यात बऱ्याच सभा पाहिल्या, पण एवढी एकाग्र सभा पाहिली नाही. पानावर आत्यानं एक मोठा आणि सात बारके ठेवले. मोठा चालायला लागला. पानाच्या टोकापर्यंत गेला, खाली बघितलं, परत आला. एका बारक्याला वळसा घालून पुढे गेला.

"ओळख दाखवली नाही," अहिरराव म्हणाले.

"भूक नसेल," मी म्हणालो.

"तुला कुणी विचारलं?"

दहा मिनिटं गेली. आत्यानं चहा टाकला. वीस मिनिटं गेली. पवारनं टाकी उतरवून ठेवली आणि तोही येऊन उकिडवा बसला. मोठा एका जागी थांबला होता. अहिररावांनी घड्याळ बघितलं. विजयाताई म्हणाल्या, "झोपलाय तो." पन्नास कुंड्या आणि माझ्या आत्याचा शब्द, हे सगळं आता एका आठ-दहा दिवसांच्या पिल्लाच्या भुकेवर होतं, आणि ते झोपलं होतं.

दुसान्यांनी खिशातून हिरे बघायचं भिंग काढलं आणि डोळ्यात बसवलं.

"जरा सरका," ते म्हणाले आणि पानावर वाकले. "हं... पाय हलतोय... पुढे निघाला... डावीकडे... थांबला." सगळे त्यांच्या तोंडाकडे बघायला लागले. "एकाच्या अंगावर चढला. अहो, अहिरराव... धरलं त्यानं! खातोय! खातोय हो! आतून रिकामा करतोय! बापरे, नुसतं साल उरलंय!"

"खरं?" अहिररावांनी विचारलं.

"चोवीस कॅरेट," दुसाने म्हणाले.

दारातल्या बायका आत घुसल्या. पवार म्हणाला, "आयला, जोरात हाणतोय की." भिंग हातोहात फिरलं. अहिररावांनी पाहिलं आणि मिश्या पुसल्या, जणू त्यांनीच खाल्लं होतं. "ठीक आहे," ते म्हणाले, "फवारणीचं स्थगित. पवार, तुम्ही निघा." मला वाटलं, जिंकलो. मी खुर्च्या उचलायला लागलो.

विजयाताई उठल्या नव्हत्या.

"कुंड्यांचं झालं," त्या म्हणाल्या. "पत्र राहिलंय."

"कीड तर जातेय, मग कशाचं पत्र?" बोरस्ते वहिनी मागून म्हणाल्या.

"जातेय, पण आली कुठून? दरवर्षी बावीस-बावीस हळदीकुंकवं होतात इथं. कधी कुणाच्या वाणानं कुणाचं नुकसान झालंय? हेमाताई, तुम्हाला लागावं म्हणून बोलत नाही. पण काही गोष्टी ज्याच्या त्याच्या हातून झालेल्या बऱ्या असतात. रूढी म्हणून काही असतं."

नेरकर काकू छताकडे बघत होत्या. दुसाने भिंग पुसत होते. तेव्हा मला कळलं, की एकोणीस कुंड्या उन्हामुळे परत आल्या नव्हत्या, मांजरामुळे नाही, आणि किड्यामुळेही नाही. आत्याला हे पहिल्या कुंडीलाच कळलं होतं. नोटिशीतल्या 'असे'चा अर्थ ती मला विचारत नव्हती, मला कळतो का ते बघत होती.

"मी आणली ती रोपं," मी म्हणालो. माझा आवाज पाचवीतल्या मुलासारखा निघाला. "आत्यानं नर्सरीत पाठवलं होतं, मी टेम्पोवरून आणली. मॅच होती. तेव्हाच त्यांच्यावर पांढरं होतं. मी बोललो नाही. आत्याचा काही संबंध नाही यात."

विजयाताईंचा चेहरा मोकळा झाला. मला वाटतं, त्यांनाही ते बोलून बरं वाटलं नव्हतं. "मग झालं की! पोराची चूक. हेमाताई, तेवढंच लिहून द्या, की रोपं यानं आणली होती. विषय संपला. कुणाच्या मनात काही राहणार नाही."

"निन्या, खाली बस," आत्या म्हणाली. "टेम्पोचं मला माहीत आहे. नर्सरीवाला फेब्रुवारीतच म्हणाला, बाई, तुमचा भाचा काही आला नाही."

"मग तू बोलली का नाहीस?"

"तू बोलतोस का ते बघत होते." मग ती विजयाताईंसमोर जाऊन उभी राहिली. आवाज चढवला नाही. प्रयोगशाळेत मुलांना आम्लाची बाटली कुठं ठेवायची ते सांगताना तिचा जसा आवाज असायचा, तसा होता. "हे मी लिहून देणार नाही. याच्यामुळे कीड आली म्हणून माझा हात चांगला, असं ठरलं, तर पुढच्या खेपेला याच्याशिवाय कीड आली की माझा हात वाईट ठरेल. कीड रोपावर येते, विजयाताई, हातावर येत नाही. माझ्या स्वतःच्या गॅलरीतून आली असती तरी मी हेच म्हटलं असतं. पाडव्यानंतर तिजेला मी चैत्रगौर बसवणार आहे. हळदीकुंकू आहे. या सगळ्यांनी."

"कमिटीची परवानगी—" अहिरराव म्हणाले.

"माझ्या हॉलमध्ये माझी गौर बसणार आहे. कमिटीला बसायचं असेल तर खुर्च्या आहेत."

दुसाने खाकरले. "हेमाताई, ते... आमच्या तुळशीवर पण फार झालंय. यातले चार-पाच मिळतील का?"

"मिळतील. पोरं मोठी होऊ देत. वहिनींना चैत्रगौरीला पाठवा. या वेळचं वाण तेच आहे."

आणि खरोखरच तिनं बोर्डावर चिठ्ठी लावली. 'चैत्रगौरीचे हळदीकुंकू. डाळ, पन्हे. वाण: ढालकिडे.' खाली कुणीतरी पेन्सिलीनं लिहिलं, 'जिवंत?' आत्यानं त्याच्याखाली लिहिलं, 'हो.'

मी दोन दिवस आइस्क्रीमच्या रिकाम्या कपांना मलमल बांधत होतो. प्रत्येकात सहा किडे आणि एक पान. ज्या देशात मला अधिकारी व्हायचं होतं त्या देशात मी हळदीकुंकवासाठी किडे मोजत होतो, आणि कधी नव्हे ते मन लावून.

बायका आल्या. काही पहिल्या दिवशी, काही जरा अंदाज घेऊन. बोरस्ते वहिनी सासूबाईंना हाताला धरून घेऊन आल्या. प्रत्येकीला आत्या हळदीकुंकू लावायची, डाळ-पन्हं द्यायची, कप द्यायची, आणि मग करंडा समोर पाटावर उघडा ठेवायची. बोलायची काहीच नाही. नियम सगळ्यांना माहीत होता: यजमानीण लावते, मग पाहुणी यजमानिणीला लावते. जानेवारीत तेवीस जणींनी आत्याकडून लावून घेतलं होतं आणि उलट लावायला एकही थांबली नव्हती. सगळ्यांना एकदम घाई झाली होती. मी तेव्हा आतल्या खोलीत स्कोअर बघत होतो.

या खेपेला बोरस्ते वहिनींनी लावलं, सासूबाईंच्या देखत. दुसाने वहिनींनी लावलं. काहींनी करंडा दिसलाच नाही असं केलं. आत्यानं त्यांनाही कप दिले, तेवढेच, सहा किड्यांचे. ज्यांच्या कुंड्या होत्या त्यांना नंबर बघून कुंड्याही दिल्या. हॉल हळूहळू रिकामा होत गेला.

विजयाताई आल्या नाहीत. पहिला आठवडा नाही, दुसरा नाही. गॅलरीतून मला त्यांचं ब्रह्मकमळ दिसायचं. पानं पिवळी पडत चालली होती आणि अहिरराव रोज संध्याकाळी त्यावर पाणी मारायचे, त्यामुळे ते पिवळं आणि ओलं असं दिसायचं.

अक्षय्य तृतीयेला, गौर उठायच्या दिवशी, दुपारी साडेचारला बेल वाजली. विजयाताई होत्या. चांगली नेसलेल्या, केसात गजरा.

"मी बसत नाही," त्या मला म्हणाल्या. "त्यातला एक कप दे. असेल तर."

शेवटचा एकच उरला होता. तो मी पाठीमागं धरला. "आधी—" मी म्हणालो. पुढं काय म्हणणार होतो ते मला नक्की माहीत नव्हतं, पण ते चांगलं नव्हतं.

"निन्या, कप दे त्यांना," आत्या आतून येत म्हणाली.

"पण आत्या—"

"दे म्हटलं ना. झाडाचा काय दोष?"

मी कप दिला. विजयाताईंनी तो दोन्ही हातांनी घेतला. आता त्यांना हवं ते मिळालं होतं आणि दार उघडंच होतं. आत्यानं त्यांना पाट दाखवला नाही. उभ्या उभ्याच त्यांच्या कपाळाला हळद लावली, कुंकू लावलं. मग करंडा पाटावर न ठेवता त्यांच्यासमोर धरला.

"आता मला," ती म्हणाली.

विजयाताईंनी माझ्याकडे पाहिलं. त्यांनी गौरीकडे पाहिलं, मग जिन्याकडे. जिन्यात नेरकर काकू चढता चढता थांबल्या होत्या.

"हेमाताई, अहो, तुम्हाला..."

"हो. मला."

करंडा हलला नाही. तीस वर्षांत तिच्या हातून काही फुटलं नव्हतं, आणि मला पहिल्यांदाच भीती वाटली की आज फुटेल. पंख्याचा आवाज येत होता. कपातला एक किडा मलमलीवर चालत होता, त्याचे पायसुद्धा ऐकू येतील असं वाटत होतं.

विजयाताईंनी कप खाली जमिनीवर ठेवला. अनामिका कुंकवात बुडवली. डोळे मिटून लावावं तसं आत्याच्या कपाळाला लावलं आणि हात लगेच मागं घेतला. टिळा थोडा डावीकडे लागला होता. पावडर आत्याच्या नाकावर सांडली. आत्यानं ती पुसली नाही.

विजयाताई कप घ्यायला वाकल्या. आत्यानं करंडा तसाच पुढं धरून ठेवला.

"हळद राहिली," ती म्हणाली.